तिसऱ्या नळीएवढी भीती

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी मॅडम त्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायच्या. आत माणूस नसायचा. आत काचेच्या नळ्यांत, अंगाला बेताची वाटेल अशा उबेत, जीवाणू वाढत असायचे. जीवाणूंना कान नसतात हे मला शिकवलं तेही मॅडमनीच. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "कुणाच्या घरात शिरताना विचारावं, भाऊ. आपण त्यांना पहाऱ्याला बसवलंय."

मग दार उघडायचं, नळ्यांचा स्टँड निळ्या दिव्याखाली ठेवायचा आणि चष्मा कपाळावर चढवून त्या नळ्यांनाच विचारायचं, "हं, सांगा. घाबरायचं किती?"

भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. गॅस बंद केला का ते बघायला जिन्यावरून परत फिरणारी, कुलूप तीनदा ओढून पाहणारी. मॅडम त्यांतल्याच. रस्ता ओलांडताना माझी बाही धरायच्या. खालच्या मजल्यावर पत्र्याचे भाग ठोकणारं प्रेस शॉप होतं. त्याचा मोठा ठोका पडला की हातातलं काम थांबवून छताकडे बघायच्या, ठोका खालून आलेला असला तरी. वय पन्नाशीला टेकलेलं, नावामागे डॉक्टरेट, पण लिफ्टमध्ये एकट्या कधी गेल्या नाहीत. आम्ही त्यांची चेष्टा करायचो आणि त्याही हसायच्या. "मी भित्री आहे म्हणून तर कामाची आहे," असं म्हणायच्या. ते खरंच होतं, पण मला ते कळायला फार उशीर झाला.

मी मूळचा लातूरकडचा. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. भागाला मापाचं गेज लावायचं, बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट. कंत्राट संपलं आणि ओळखीने भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या छोट्या प्रयोगशाळेत चिकटलो. आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, त्यांना पाण्यातलं विष ओळखणाऱ्या नळ्या बनवून विकायच्या होत्या. नळ्या धुणं, जीवाणूंचं खाद्य पाण्यात कालवून ठेवणं, वहीत नोंदी करणं ही कामं माझी. डोकं चालवायचं काम मॅडमचं.

ते काम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. प्रत्येक जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. जनुक कधी चालू व्हायचं आणि किती जोरात, हे तो तुकडा विजेच्या खटक्यासारखा ठरवतो. मॅडमनी जीवाणूत असा खटका बसवला होता की पाण्यात धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यांतलं विषारी क्रोमियम आलं की तो दाबला जावा आणि जीवाणू हिरवा चमकावा.

"म्हणजे आमच्या गेजसारखंच की," मी म्हणालो.

"गेज फक्त हो किंवा नाही म्हणतं, भाऊ. पाण्यात विष आहे एवढंच सांगितलं की माणूस एक तर पळत सुटतो, नाही तर कानाडोळा करतो. किती आहे ते सांगितलं की विचार करतो."

म्हणून त्यांनी एकच खटका न बनवता त्या तुकड्यातली अक्षरं बदलून बदलून कितीतरी खटके बनवले, काही हलके, काही घट्ट, आणि त्यांतून पाच निवडले. पहिल्या नळीतला खटका इतका हलका की क्रोमियमचा वास आला तरी नळी चमकायची. तिचं नाव मॅडमनीच भित्री ठेवलं होतं. पाचवी भरपूर विष असल्याशिवाय हलायचीच नाही. तिला आम्ही मख्ख म्हणायचो. पाण्याचा एकच नमुना पाचही नळ्यांत घालायचा, चार तास थांबायचं आणि कितवीपर्यंत उजेड गेला ते बघायचं.

"पहिली-दुसरी पेटली तर सावध व्हायचं," मॅडम सांगायच्या. "तिसरी पेटली तर ते पाणी पिणं बंद. चौथी पेटली तर डॉक्टरकडे जायचं."

"आणि मख्ख पेटली तर?"

"ती कुणाच्या पाण्यात पेटलेली मी अजून पाहिली नाही," असं सांगत त्यांनी टच वुड म्हणून टेबलाला हात लावला. मग ते टेबल सनमायक्याचं आहे हे लक्षात येऊन खिडकीच्या चौकटीला लावला.

सरांना भित्री आवडायची नाही. "मॅडम, ही फार ओरडते. गिऱ्हाईक पळून जाईल," म्हणायचे. मॅडम मान डोलवायच्या आणि स्टँडमध्ये भित्री पहिल्याच जागी ठेवायच्या.

आता माझी चूक सांगतो. ती मी आधीच सांगून टाकतो, कारण ती लपवून ठेवल्यानेच पुढचं सगळं झालं. खाद्य कालवायला डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून पुन्हा गार केलेलं पाणी लागायचं. ते बनवायचं यंत्र आमच्याकडे होतं, एक दिवस त्याची पाणी तापवायची कॉइल जळाली. नवी कॉइल यायला पंधरा दिवस लागणार होते. कोपऱ्यात प्यायच्या पाण्याचा वीस लिटरचा निळा जार असायचा. जारवाल्याच्या टेम्पोवर शुद्ध असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मी त्यातलं पाणी घेतलं. कॉइल आली ती मी कपाटात ठेवून दिली, कारण यंत्र चालवण्यात अर्धा दिवस जायचा आणि जारचा नळ दाबला की काम व्हायचं. कंपनीत असताना मशीनवर पडणारं पाणी कुठलं हे कुणी विचारलं नव्हतं. मला पाणी म्हणजे पाणी वाटायचं. वहीत मी काही लिहिलं नाही.

आणि कोरी नळी चमकू लागली. कोरी नळी म्हणजे जिच्यात कुठलाच नमुना घालायचा नाही, नुसतं खाद्य आणि जीवाणू. ती काळीच राहायला हवी. तिच्यात उजेड दिसला की सगळा हिशेब खोटा. आमच्या पाचांपैकी पहिल्या तिन्ही प्रकारच्या कोऱ्या नळ्या हिरव्या दिसायला लागल्या.

"खटका गळतोय," सर म्हणाले. विष नसतानाही खटका थोडा दाबलेला राहतो, याला गळती म्हणतात. ती हलक्या खटक्यांत होतेच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मॅडम तीन महिने अक्षरं बदलत राहिल्या. नवा खटका बनवायचा, कोरी नळी लावायची, ती पुन्हा हिरवी. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एकदा त्यांनी मला सरळ विचारलं, "भाऊ, आपल्याकडे काय बदललं?"

"काहीच नाही, मॅडम."

मला तेव्हा कॉइल आठवली होती. खोटं का सांगू? आठवली होती आणि मी गप्प बसलो. कंत्राट पुन्हा जाईल, घरी सातव्या महिन्यातली बायको आहे, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी मॅडमचा कशावरच भरवसा उरला नाही. चाकणच्या पलीकडे त्यांचं गाव, रोज तिथूनच ये-जा, शेतकरी घर, घराच्या मागे विहीर. तिथे त्यांनी एका रविवारी प्रेशर कुकरमध्ये पाणी उकळलं, शिट्टीच्या जागी रबराची नळी बसवली, ती गार पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि वाफेचं पाणी थेंब थेंब बाटलीत धरलं. पाण्यात काही धातू असला तर तो वाफेबरोबर येत नाही, कुकरच्या तळाशीच राहतो. त्यांची आई ओसरीवर बसून बघत होती. "लोकं कुकरात भात शिजवत्यात, आमची पोरगी पाणी शिजवतीय," असं ती शेजारणीला म्हणाली म्हणे. सोमवारी मॅडम ते पाणी घेऊन आल्या, त्यात खाद्य स्वतः कालवलं आणि कोऱ्या नळ्या लावल्या.

दुपारी बाराच्या सुमारास त्यांनी टकटक करून दार उघडलं. पाचही कोऱ्या नळ्या काळ्या होत्या. मला वाटलं, आता त्या खूश होतील. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"भाऊ, तुम्ही पाणी कुठलं घेत होता?"

मी जारकडे बोट दाखवलं.

त्या ओरडल्या नाहीत. त्या जारकडे बघत राहिल्या. त्याच्या नळाखाली सरांचा चहाचा कप होता. तीन महिने आम्ही सगळे तेच पीत होतो. मॅडम तेवढ्या त्यातलं पीत नसत. त्या घरून स्टीलची बाटली आणायच्या, कारण आपल्या विहिरीच्या पाण्याशिवाय त्यांची तहान भागत नसे.

"तुमच्या घरी कुठलं पाणी येतं?" त्यांनी विचारलं.

मी मोशीच्या पुढे चाकण रस्त्याला दोन खोल्यांत राहायचो. नळाला पाणी नव्हतं. सगळ्या चाळीत जार यायचे. "तोच टेम्पो," मी म्हणालो आणि खाली स्टुलावर बसलो.

"जा, घेऊन या. गाडी हळू चालवा."

मी हळू चालवली नाही. घरी सविता भाजी निवडत बसली होती, पुढ्यात पाण्याचा तांब्या. मी आधी तांब्या उचलला. "काय झालंय वो?" तिने विचारलं. मी म्हणालो, कामाला पाणी पाहिजे. "आपल्या घरचं?" ती हसली. मी जारमधून बाटली भरली, तांब्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि तिला सांगितलं की मी येईपर्यंत शेजारच्या दुकानातली बंद बाटली आणून पी. ती हसायची थांबली. माझ्या तोंडावर काय दिसत होतं मला माहीत नाही, पण तिने एक हात पोटावर ठेवला. तो हात मला आजही दिसतो.

दोन वाजता पाचही नळ्या लागल्या. चार तास. त्या चार तासांत मी काय केलं ते आठवत नाही. मॅडमनी मात्र काय केलं ते आठवतं. त्या स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि उठल्याच नाहीत. मध्येच मी म्हणालो, "मॅडम, काही नाही होणार ना? घाबरू नको म्हणा ना एकदा."

"तसं कसं म्हणू? अजून नळ्या पाहिल्या नाहीत."

मला त्यांचा रागच आला. कुणीही म्हटलं असतं. खोटं का होईना, कुणीही म्हटलं असतं.

सहा वाजता टकटक. भित्री हिरवीगार. दुसरी हिरवी. तिसरी फिकट, पण हिरवी. मी चौथीकडे बघूच शकलो नाही. मॅडमनी माझं मनगट धरलं होतं, रस्ता ओलांडताना बाही धरायच्या तसं. दिवा त्यांनी जवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"चौथी काळी आहे. बघा तुम्ही."

मी बघितलं. काळी होती.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "घाबरा. घाबरायलाच पाहिजे. पण तिसरीएवढंच घाबरा. पाणी आज बंद करा, डॉक्टरांना खरं काय ते सांगा. चौथीची भीती आज घरी न्यायची नाही. ती तुमची नाहीच."

माणसाला इतकं नेमकं सांगणारं कुणी मला त्याआधी भेटलं नव्हतं. मी रडलो. रडता रडताच कॉइलची गोष्ट सांगितली, कपाट उघडून ती दाखवली. कॉइल हातात घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हीपण भित्रेच की. पण चुकीच्या गोष्टीला घाबरलात."

दुसऱ्या दिवशी सरांनी जार बंद केला आणि तक्रार दिली. सविताला माहेरी पाठवायचं ठरलं, पण गाडीचं तिकीट चार दिवसांनंतरचं मिळालं. तोवर पाण्याचं काय, यावर बोलणं चाललं होतं. मॅडमनी आपली स्टीलची बाटली पुढे केली. "माझ्या विहिरीचं न्या. मी रोज कॅन भरून आणीन. आमच्या आजोबांनी खणलेली विहीर हाय, उन्हाळ्यातसुद्धा..."

आणि त्या थांबल्या. बाटलीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

तुम्हाला आश्चर्य वाटेल. इतक्या गावांच्या बोअरचं, इतक्या हातपंपांचं पाणी त्या नळ्यांतून गेलं होतं, पण स्वतःच्या घरची विहीर त्यांनी कधी तपासली नव्हती. नमुना आणायची गोष्ट निघाली की "पुढच्या वेळी" म्हणायच्या. सगळ्या जगाच्या पाण्याला घाबरणारी बाई एवढ्या एका पाण्याला घाबरायचं टाळत होती. कदाचित सगळ्यात जास्त भीती तिथेच असेल. त्या दिवशी त्यांच्यापुढे माझ्या बायकोचा प्रश्न होता, म्हणून टाळता आलं नाही.

"न तपासता नको," त्या म्हणाल्या. "आधी नळीत घालू."

त्यांनी बाटलीतलं पाणी पाचही नळ्यांत घातलं. दिवसभर काम करत राहिल्या. मात्र त्या दिवशी बाटलीला तोंड लावलं नाही, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मलाही धाकधूक सुरू झाली.

चार तासांनी त्यांनी टकटक केली. दोनदा, आणि मग आणखी दोनदा. दार मला उघडायला सांगितलं.

दिवा लावायचीसुद्धा गरज नव्हती असं मला वाटलं, पण तो माझ्या मनाचा खेळ असेल. दिव्याखाली पाचही नळ्या पेटलेल्या होत्या. मख्खसुद्धा. मख्ख इतकी सुंदर हिरवी दिसू शकते हे मला माहीत नव्हतं.

मॅडम बोलल्या तेव्हा प्रयोगशाळेतली भाषा गेली होती. "आई पितीय की हे," त्या म्हणाल्या. "आमी समदी पितोय. मी तर हितंबी बाटली भरून आणती."

मी म्हणालो, "मॅडम, नळी गळत असेल. पुन्हा लावू."

"कोरी काळी हाय, भाऊ. गळत न्हाई."

त्यांनी मार्कर घेतला, बाटलीवर चिकटपट्टी लावली आणि वळणदार अक्षरात पाचचा आकडा लिहिला, कितवी नळी पेटली तो आकडा प्रत्येक नमुन्यावर लिहायच्या तसा. मग पर्स घेतली आणि जिन्याने खाली गेल्या.

त्यानंतर त्या कामावर आल्या नाहीत. फोनवर कळायचं. विहिरीवर पत्रे टाकले, त्यावरून घरात भांडणं झाली. गावातले लोक म्हणाले, बाई शिकून येडी झाली, जमिनीचे भाव पाडायला निघाली. आई म्हणाली, इतकी वर्षं प्याले, मला काय झालं? आईने पत्रा सरकवून पाणी काढू नये म्हणून मॅडम रोज तिच्या आधी उठून विहिरीपाशी जाऊन बसायच्या. सरकारी तपासणीतही तेच निघालं, तेव्हा गाव गप्प झालं आणि टँकर सुरू झाला.

आमची मुलगी लातूरला झाली. वजन चांगलं, रडणं चांगलं. मी पहिला फोन मॅडमना केला. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, किडनीच्या तपासण्या करून आले.

"रिपोर्ट काय आला, मॅडम?"

त्यांनी पुन्हा मुलीचं वजन विचारलं. मला राहवलं नाही. त्यांचंच वाक्य मी त्यांना विचारलं, "घाबरायचं किती?"

"मी मोजलंय," त्या म्हणाल्या. "पण ते माझं आहे. तुमचं तिसरीएवढंच आहे ना, तेवढंच धरा. पोरीचं नाव काय ठेवताय?"

मुलगी बसायला लागली त्या महिन्यात मॅडम गेल्या. पाण्यामुळेच गेल्या का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत म्हणाले. आईच्या तपासण्या मात्र ठीक निघाल्या. ती अजून ओसरीवर बसते. मी भेटायला गेलो तेव्हा तिने मला चहा दिला आणि स्वतःच सांगितलं, "टँकरच्या पाण्याचा हाय, प्या."

आता डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र रोज सकाळी मी चालवतो. दर सोमवारी घरचं पाणी पाच नळ्यांत घालतो. मुलगी दोन वर्षांची झाली, अजून एकही नळी पेटलेली नाही, तरी दार उघडण्याआधी माझी पेरं आपोआप दोनदा वाजतात. नवीन आलेली मुलं हसतात. हसू देत.

ती स्टीलची बाटली टेबलावरच राहिली होती. मी ती वरच्या फळीवर ठेवली आहे, पाचचा आकडा पुढे करून. तिच्यात अजून अर्धी बाटली पाणी आहे. बेसिनमध्ये ओतलं तर ते गटारातून नदीला जाईल, मातीत ओतलं तर पुन्हा कुणाच्या तरी विहिरीत. साफसफाईच्या वेळी मी ती खाली काढतो, पुसतो आणि परत वर ठेवतो. हे पाणी कुठं ओतायचं, ते मॅडमना विचारायचं राहून गेलं.